गाडीच्या ब्लोअरमधून टकटक आणि चिरका आवाज येतो : मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्याकडे नऊ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. गेल्या महिनाभरापासून तिचा ब्लोअर, म्हणजे एसी आणि हीटर या दोन्हींची हवा आत सोडणारा पंखा, इतका आवाज करू लागला आहे की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचे तर तो बंद करावा लागतो. आम्ही निफाड तालुक्यात राहतो आणि वडिलांना आठवड्यातून दोनदा भल्या सकाळी डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागते. येथील थंडी आपल्याला ठाऊक असेलच. काचा बंद केल्या की पाच मिनिटांत पुढची काच आतून धुरकट होते, त्यामुळे ब्लोअर बंद ठेवून गाडी चालवणे मला शक्य नाही. वडील पुढच्या डाव्या सीटवर बसतात आणि हा आवाज नेमका त्यांच्या गुडघ्यांपाशी, ग्लव्ह बॉक्सच्या मागून येतो.

आवाज दोन प्रकारचे आहेत. पहिला चिरका, तेल न घातलेल्या रहाटासारखा; तो फक्त सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिटभर येतो आणि मग आपोआप थांबतो. दुसरा टकटक असा आहे. लहानपणी आम्ही सायकलच्या चाकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावत असू, तेव्हा जसा आवाज येई अगदी तसाच. पंखा एक आणि दोन नंबरवर असताना तो जवळजवळ ऐकू येत नाही, तीनवर नेताच सुरू होतो आणि चारवर डॅशबोर्डला हात लावला तर थरथर जाणवते. डावीकडे जोरात वळण घेतले की काही क्षण आवाज बदलतो.

मी स्वतः केलेली तपासणी अशी. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवून ब्लोअर लावला तरी दोन्ही आवाज येतात, म्हणून एसीचा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरपुढचा पंखा यांचा संबंध नसावा असे वाटते. एसी चालू असो, हीटर असो किंवा नुसती हवा असो, आवाजात फरक पडत नाही. बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवली तरीही तो तसाच राहतो. चारही वेग व्यवस्थित चालतात आणि उन्हाळ्यात गारवाही पूर्वीइतकाच होता. गाडी दिवसभर शाळेच्या आवारात गुलमोहराखाली उभी असते, हेही सांगून ठेवते. आमच्या मॉडेलमध्ये कंपनीने कॅबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, दिलेलाच नाही. त्याची जागा आहे, पण ती रिकामी आहे.

जवळच्या गॅरेजमध्ये दाखवले असता त्यांनी ग्लव्ह बॉक्स न उघडताच पूर्ण डॅशबोर्ड उतरवून ब्लोअर आणि कूलिंग कॉइल (एसीची हवा गार करणारा भाग) दोन्ही बदलावे लागतील असे सांगितले. गाडी दोन दिवस तेथे ठेवावी लागेल आणि खर्च जवळपास चौदा हजार रुपये येईल. खर्च आवश्यक असेल तर मी करीन, परंतु एका पंख्याच्या आवाजासाठी कॉइल का बदलायची, हे मला कोणी समजावून सांगितले नाही. एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा घट्ट बसत नाही, असा शेजाऱ्यांचा अनुभव असल्यामुळे मन आणखीच कचरते आहे.

डॅशबोर्डला हात न लावता ब्लोअर बाहेर काढता येतो का? चिरका आवाज तेल देऊन जाईल की मोटर बदलणेच बरे? आणि निर्णय होईपर्यंत आहे त्या स्थितीत पंखा चालवण्यात काही धोका आहे का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद :

ताई, मी पुण्यात बरीच वर्षे गाड्यांच्या एसीचे काम करतो. आपली तपासणी योग्य दिशेने झाली आहे. एसी आणि हीटर दोन्हींत येणारा, पंख्याच्या वेगाबरोबर वाढणारा आणि इंजिन बंद असतानाही येणारा आवाज ब्लोअरचाच असतो. कॉइलमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. ती गळू लागली तर गारवा कमी होतो, टकटक होत नाही. म्हणून डॅशबोर्ड उतरवायला तूर्त नकार द्या.

बहुतेक छोट्या गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो आणि मागे गोल बुडाची मोटर दिसते. किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडवा, मोटरचा कनेक्टर काढा, तीन स्क्रू सोडा, की मोटर पंख्यासकट खाली हातात येते. पिवळ्या वेष्टनाच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना अजिबात हात लावू नका. पंख्यातला कचरा मऊ ब्रशने काढा, पाण्याने धुऊ नका. एखाद्या पात्यावर धातूची बारीक क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नका. तोल साधण्यासाठी ती कारखान्यातच बसवलेली असते.

मग पंखा हाताने बाजूला हलवून पाहा. मोटरचा दांडा डावा-उजवा हलत असेल तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलेला आहे आणि मोटर बदलणे हाच उपाय. हलत नसेल तर दांड्याच्या मुळाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्या. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका, कारण तो बुशमध्ये मुरलेले तेलच धुऊन काढतो आणि आठवड्याभरात आवाज दुप्पट होऊन परत येतो. तेल कार्बन ब्रशपर्यंत, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांपर्यंत, जाऊ देऊ नका.

तोपर्यंत एक-दोन नंबरवर पंखा चालवायला हरकत नाही. मात्र जळका वास आला किंवा पंखा अडखळत फिरू लागला तर लगेच बंद करा, कारण अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि कनेक्टर वितळू शकतो. बॉनेट उघडून वायपरच्या खालची जाळीही पाहा. पाने तेथूनच आत जातात.

प्रतिसाद :

तोंडाला मास्क लावून उघडा. आमच्या गाडीत त्याच जागी उंदराचे घरटे निघाले होते.

धागाकर्तीचा प्रतिसाद :

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रविवारी भावाच्या मदतीने मोटर काढली. पाऊण तास लागला. घरटे नव्हते. पंख्याच्या पात्यांमध्ये गुलमोहराची बारीक वाळलेली पाने ओंजळभर साचली होती आणि एक काडीसारखे देठ आडवे अडकून त्याचे टोक बाहेरच्या प्लास्टिकला घासत होते. त्या जागी प्लास्टिकवर नखाएवढा पांढरा ओरखडा पडला आहे. देठ निघाले आणि टकटक पूर्ण थांबली. चार नंबरवरही थरथर नाही.

दांडा हलत नव्हता, म्हणून तेलाचा एक थेंब दिला. आज पहाटे चिरका आवाज आला, पण मिनिटभराऐवजी तीन-चार सेकंदच. तो पुन्हा वाढला तर मोटर तेवढी बदलून घेईन. फिल्टरच्या रिकाम्या जागेचे माप घेतले आहे, या आठवड्यात तो बसवते.

हे काम करू पाहणाऱ्यांसाठी एक नोंद : तीनपैकी मागचा स्क्रू डोळ्यांना दिसत नाही, तो छोटा आरसा धरून शोधावा लागतो, आणि त्याच्यासाठी आखूड दांड्याचा स्टार स्क्रूड्रायव्हरच लागतो. लांब दांड्याचा तेथे शिरत नाही.