मदत हवी आहे: अपंगत्वाची खात्रीची आकडेवारी कुठे मिळेल? (तातडीचे)

घाईगडबड
मंडळी, सोमवारी सादरीकरण आहे. जगात अपंग व्यक्ती किती, याचा एक, फक्त एक, खात्रीचा आकडा हवाय. तीन तास शोधतेय. कुठे १० टक्के, कुठे १५, कुठे १६. एका लेखात तर वरच्या परिच्छेदात 'शंभर कोटी' आणि खालच्यात '१३० कोटी'. डोकं फिरलंय. कृपया लिंकांचा ढीग टाकू नका, आकडा सांगा.

आकडेमोड्या
तिन्ही एकाच घराण्यातले आहेत. १० टक्के हा जागतिक आरोग्य संघटनेचा १९७० च्या दशकातला अंदाज. २०११ मध्ये संघटना आणि जागतिक बँक यांनी मिळून अपंगत्वावरचा जागतिक अहवाल काढला, त्यात सुमारे १५ टक्के, म्हणजे शंभर कोटींच्या वर. डिसेंबर २०२२ च्या अहवालात १६ टक्के, १३० कोटी. तुमच्या लेखकाने दोन्ही अहवालांतून उचललंय आणि वर्षं लिहायचा कंटाळा केलाय.
आता मला सांगा, हे कशासाठी हवंय? मुलं की प्रौढ? सगळ्या प्रकारचं अपंगत्व की एखादंच?

घाईगडबड
ऑफिससाठी. सगळे. १६ टाकते मग. धन्यवाद!

कानसेन
थांबा, थांबा. १६ टाकाल आणि पहिल्याच माणसाने "आमच्या देशात तर २ टक्के आहेत" म्हटलं तर? भारताच्या २०११ च्या जनगणनेत २.२१ टक्के. न्यूझीलंडच्या २०१३ च्या सर्वेक्षणात २४ टक्के. न्यूझीलंडच्या पाण्यात काही दोष नाही, प्रश्न विचारण्यात फरक आहे. अमेरिकेत तर घरातल्या घरात भांडण: जनगणना खात्याचं वार्षिक सर्वेक्षण १३ टक्क्यांच्या आसपास सांगतं आणि रोगनियंत्रण केंद्राचं फोनवरचं सर्वेक्षण चार प्रौढांत एकाहून जास्त.

शब्दवेल्हाळ
विषय महत्त्वाचा आहे, पण शीर्षकातला 'अपंग' शब्द खटकला. 'दिव्यांग' लिहावे ही विनंती.

टिंब_टिंब
मी कुबड्यांवर चालतो. मला 'अपंग' चालतो, 'दिव्यांग' ऐकलं की हसू येतं. जिना चढताना दिव्य असं काही होत नाही, दम लागतो.

शब्दवेल्हाळ
तुमचा अनुभव मान्य, पण भाषा सर्वांसाठी असते. 'विकलांग' मधला मार्ग ठरावा.

खडूस_काका
या शब्दावर आधीचे चार धागे आहेत. तिकडे जा.

झटपट
एवढा काथ्याकूट कशाला? चॅटबॉटला विचारा. मी आत्ता विचारलं, ३० सेकंदांत आकडा आणि सोबत तीन शोधनिबंध. खरडवहीत टाकलेत.

आकडेमोड्या
तिन्ही उघडून पाहिलेत?

झटपट
नावं एकदम व्यवस्थित आहेत.

आकडेमोड्या
मी पाहिले. एक सापडला, त्यात तो आकडा नाही. दुसऱ्याचं नियतकालिक खरं आहे, निबंध नाही. तिसऱ्याची लिंक कुठल्याशा माशांच्या अभ्यासावर जाते. शोधाला सुरुवात म्हणून ठीक, पण मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठलाही आकडा सादरीकरणात घालू नये. निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर गूगल स्कॉलरवर त्याच नावाखाली 'सर्व आवृत्त्या' बघा, बऱ्याचदा विद्यापीठाच्या साठ्यात मोफत प्रत असते. नाहीच मिळाली तर लेखकालाच मेल टाका. माझा अनुभव असा की लोक आनंदाने पाठवतात, कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

मधलीसुट्टी
प्रश्न विचारण्यातला फरक म्हणजे काय ते मी घरात पाहिलंय. आमच्या बाबांना "तुम्हाला अपंगत्व आहे का?" विचारा, घराबाहेर काढतील. "ऐकायला त्रास होतो का?" विचारा, "थोडा होतो, तुम्ही पुटपुटता" म्हणतील. टीव्हीचा आवाज मात्र शेजाऱ्यांना पाठ. आता सांगा, ते कुठल्या रकान्यात?

कानसेन
अगदी याच कारणासाठी वॉशिंग्टन ग्रुपचे प्रश्न बनले. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ पासूनचा गट आहे. छोट्या संचात सहा प्रश्न: दिसणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची कामं करणं, संवाद. 'अपंगत्व' हा शब्द प्रश्नात कुठेही नाही. उत्तरं चार: त्रास नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. शेवटच्या दोन्हींपैकी एखादं उत्तर सहांतल्या एका जरी प्रश्नाला आलं तर मोजायचं. ऐकण्याचा प्रश्न तर 'श्रवणयंत्र वापरूनही' असा आहे. बाबा 'थोडा' म्हणाले तर ते मोजणीबाहेर, आणि 'थोडा' आत घेतला की टक्केवारी फुगलीच. कुठल्या देशाच्या जनगणनेत किंवा सर्वेक्षणात असे प्रश्न आहेत याचा आढावा फोर्डम विद्यापीठातला डिसॅबिलिटी डेटा इनिशिएटिव्ह घेतो. देशनिहाय हवं असेल तर तिथून सुरुवात करा.

टिंब_टिंब
सहा प्रश्नांत नैराश्य, चिंता वगैरे कुठे आहे? माझ्या मित्राला एकाही प्रश्नाला 'खूप' म्हणता येणार नाही आणि तो दोन महिने घराबाहेर पडलेला नाही.

कानसेन
छोट्या संचाची ती उणीव खरीच. मोठ्या संचात चिंता आणि नैराश्याचे प्रश्न आहेत. लहान मुलांसाठीही छोटा संच पुरत नाही, म्हणून युनिसेफबरोबर २०१६ मध्ये वेगळी प्रश्नावली केली. युनिसेफचा २०२१ चा जवळपास २४ कोटी मुलांचा आकडा आहे त्यामागे तीच.

दूरदर्शी
दृष्टीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अहवाल बघा. किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा दूरचं नीट दिसत नाही. चष्मा लागणारेही त्यात येतात.

खडूस_काका
डोळ्यांचं विचारलं कुणी?

घाईगडबड
तुम्ही सगळे मला घाबरवताय. बरं, खरं सांगते. आमच्या कंपनीचे शिकवण्याचे व्हिडिओ असतात, त्यांना सबटायटल्स लावा म्हणून वरच्यांच्या गळी उतरवायचंय. म्हणून मोठा आकडा हवा होता.

आकडेमोड्या
अहो बाई! हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर १६ टक्क्यांच्या वाटेला गेलोच नसतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला सबटायटल्सचं काय? तुम्हाला ऐकण्याचे आकडे हवेत.

कानसेन
माझा प्रांत! ऐकण्याबद्दल तीन आकडे फिरतात: १५० कोटी, ४३ कोटी, ७ कोटी. तिघांची गल्लत करू नका. २०२१ च्या श्रवणावरच्या जागतिक अहवालात १५० कोटी म्हणजे ज्यांना कमी-जास्त कसंही कमी ऐकू येतं ते सगळे. ४३ कोटी म्हणजे ज्यांच्या चांगल्या कानाचीही ऐकण्याची क्षमता ३५ डेसिबलहून जास्त घटलीय ते, म्हणजे उपचार किंवा मदत लागणारे. आणि ७ कोटी हा जागतिक बधिर महासंघाचा आकडा, कर्णबधिर समाजाचा, सांकेतिक भाषेच्या संदर्भात दिला जाणारा.

झटपट
मला ४६.६ कोटी मिळतोय. म्हणजे कमी झाले? चांगली बातमी!

कानसेन
कान सुधारले नाहीत हो. ४६.६ हा २०१८ चा, तेव्हा मोठ्यांसाठी मर्यादा ४० डेसिबल होती आणि मुलांसाठी ३०. नंतर व्याख्याही बदलली आणि हिशेबाचा आधारही. म्हणून दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून 'वाढ' किंवा 'घट' लिहायची नाही. मुळापर्यंत जायचं असेल तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०२१ चा निबंध वाचा: २०१९ मध्ये १५७ कोटी, दर पाचांत एक. मध्यम किंवा त्याहून जास्त कमी ऐकू येणारे ४३ कोटी, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा हिशेब धरला की ४०.३ कोटी. एकाच निबंधात दोन आकडे, दोन्ही खरे.

शब्दवेल्हाळ
सबटायटल्सना 'उपशीर्षके' हा सुंदर शब्द उपलब्ध आहे.

मधलीसुट्टी
'उपशीर्षके' म्हटलं तर बाबा नक्की ऐकू आलं नाही म्हणतील.

टिंब_टिंब
मला ऐकू व्यवस्थित येतं, तरी मी सबटायटल्स लावूनच बघतो. गोंगाटात, अनोळखी उच्चार असले की बरं पडतं. हा मुद्दा घाला, आकडा नाही मिळाला तरी चालतो.

आकडेमोड्या
चालतो, पण त्याला टक्केवारी चिकटवू नका. 'इतके टक्के लोक आवाज बंद ठेवून बघतात' असल्या ओळी बहुतेक जाहिरातवाल्यांच्या असतात आणि कुणाला विचारलं ते लिहिलेलं नसतं.

घाईगडबड
ठरलं. १५० कोटी मोठ्या अक्षरात, खाली वर्ष आणि 'कमी-जास्त कसंही' हे शब्द. पुढच्या ओळीत ४३ कोटी, ३५ डेसिबलसकट. सोमवारी कळवते.

घाईगडबड (मंगळवार)
झालं. १५० कोटी बघून साहेब म्हणाले, "छान. यातले आपले व्हिडिओ बघणारे किती?" मी गप्प.

कानसेन
मग बघणाऱ्यांनाच विचारा. व्हिडिओनंतर तुमची अभिप्रायाची प्रश्नावली असेलच, त्यात ऐकण्याचा तो एक प्रश्न चार उत्तरांसह घाला. शब्द बदलू नका आणि उत्तरांचं 'हो/नाही' करू नका. किती जणांना पाठवली आणि किती जणांनी भरली तेही लिहा.

घाईगडबड
प्रश्न टाकायला साहेब तयार आहेत. फक्त 'थोडा' हे उत्तर काढून टाका म्हणतायत, फॉर्म लांबतो म्हणे.

मधलीसुट्टी
मग आमचे बाबा हिशेबातून गेलेच की.

दूरदर्शी
दिसण्याचाही प्रश्न घाला की त्यात!