‘ऑब्झर्व्हंट ज्यू’ला मराठीत काय म्हणाल?

इस्राएलवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ‘ऑब्झर्व्हंट’, म्हणजे धर्माच्या नियमांप्रमाणे वागणारा, पदोपदी येतं. ‘धार्मिक’ ढोबळ वाटतं, ‘कर्मठ’ लिहिलं तर टोमणा मारल्यासारखं होतं. आणि ‘हलाखा’ला ‘ज्यू कायदा’ चालेल?

— ‘कायदा’ नको. हलाखाच्या हिब्रू धातूचा अर्थ चालणं. आपल्या ‘आचारा’तही ‘चर्’ म्हणजे चालणं आहेच, चालीरीतीत तर ‘चाल’ उघडच दिसते. मी ‘आचारधर्म’ लिहीन. तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्या शब्दाचा मूळ अर्थही शिकवण. ग्रीक भाषांतरात त्याचा ‘नोमोस’ म्हणजे कायदा झाला आणि तो चिकटला तो चिकटलाच. (मराठीत ‘तोरा’ म्हटलं की आधी नाक वर केलेली बाई दिसते, म्हणून मी ‘तोराह’ लिहितो.)

— ‘पाळणारा’ घ्या की सरळ! हिब्रूतही ‘शोमेर शब्बात’ म्हणतात. शब्बात किंवा शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. शोमेर म्हणजे राखणारा, पहारेकरीसुद्धा. आपलं पाळणंही ‘पाल्’ म्हणजे राखणं, यावरूनच.

— नुसतं ‘पाळणारा’ म्हटलं तर काय पाळतो, मांजर? ‘आचार पाळणारा’ किंवा ‘शब्बाथ पाळणारा’ असं पुरतं लिहा.

— आणि किती पाळतो, हेही आलंच. तोराहमध्ये शब्बाथला काम करू नये असं आहे, पण कामांची यादी नाही. ती इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या आचारनियमांच्या ग्रंथात मिळते: पेरणं, दळणं, विस्तव पेटवणं, विझवणं धरून 39 प्रकार. विजेचं बटण त्यात कुठून असणार? तरी काटेकोर पाळणारे त्याला हात लावत नाहीत. शुक्रवारी सूर्यास्ताआधीच दिवे लावून ठेवतात नाहीतर टायमरवर टाकतात. उलट इस्राएलमधल्या ‘मसोर्ती’ म्हणवणाऱ्या घरांत मेणबत्त्या लागतात, वाइनवर किद्दूश म्हणजे शब्बाथची प्रार्थना होते, आणि जेवणं आटोपली की टीव्हीही लागू शकतो. त्यांना ‘न पाळणारे’ कसं म्हणायचं? मी ‘रीत राखणारे’ म्हणेन. अमेरिकेतल्या ‘कंझर्व्हेटिव्ह’ पंथाचं मात्र ‘सनातनी’ करू नका. तो काटेकोर ऑर्थोडॉक्स आणि सुधारणावादी रिफॉर्म या पंथांच्या मधला.

— आपल्याकडचा दाखला राहिलाच की. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणायचे. शनिवारी यांचा घाणा बंद, म्हणून. तालमूदचा, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या चर्चेच्या ग्रंथाचा, अभ्यास त्यांच्यात नव्हता, पण शनिवार पाळलेला होता.

— ‘शब्बाथ पाळणारे’ नक्की केलं. मसोर्ती तसंच ठेवून ‘रीत राखणारे’ टिपेत देते.