एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली, तरी मनातली भीती जात नाही

प्रश्न : निद्राहीन

नमस्कार. मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातील असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. गेल्या वर्षी एका व्यक्तीशी माझा शारीरिक संबंध आला आणि त्या वेळी कंडोम फाटला. दोन महिन्यांनी खासगी प्रयोगशाळेत चौथ्या पिढीची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. तीन महिने उलटून गेल्यावर सरकारी रुग्णालयातील आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, पुन्हा तपासणी करून घेतली, तीही निगेटिव्ह आली. त्यानंतर तसा काहीही प्रसंग आलेला नाही, तरी मी वेगवेगळ्या ठिकाणी रक्त देतच राहिलो आहे.

प्रत्येक रिपोर्ट हाती आला की एक-दोन दिवस बरे जातात आणि मग नवी शंका डोके वर काढते. माझ्या रक्ताची बाटली दुसऱ्या कोणाच्या बाटलीशी बदलली गेली असेल का? किटची मुदत संपलेली असेल का? चाचणीत शोधली जाणारी प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाविरुद्ध रक्तात तयार होणारे घटक, माझ्या शरीरात तयारच होत नसतील का? रात्री न्हाणीघरात नळ सोडून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने, मोबाइलच्या उजेडात मी जिभेवरचा पांढरा थर बघत बसतो. मानेतल्या गाठी चाचपून चाचपून आता तिथे दुखू लागले आहे. जेवण जात नाही, वजन उतरले आहे, रात्री घामाने जाग येते, आणि ही सारी लक्षणे इंटरनेटवर त्याच आजाराच्या यादीत सापडतात.

दिवाळीनंतर माझे लग्न ठरले आहे. एका निरपराध मुलीला माझ्यामुळे हा आजार होईल, या विचाराने जीव घाबरा होतो. अजून एखादी पक्की चाचणी असेल तर ती सांगावी, आणि नसेल तर यातून बाहेर कसे पडावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद : जिल्हा रुग्णालयातील समुपदेशक

तुम्ही इतके मोकळेपणाने लिहिलेत, हे फार चांगले केलेत. मी आयसीटीसीमध्ये समुपदेशनाचे काम करतो आणि नेमक्या याच अवस्थेतील माणसे आमच्यासमोर नेहमी येऊन बसतात.

आधी चाचणीबद्दल. चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतील चाचणी प्रतिपिंडांबरोबर पी-24 हा विषाणूचा स्वतःचा घटकही शोधते, त्यामुळे संसर्ग झाला असल्यास ती साधारण 18 ते 45 दिवसांत तो दाखवते. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांसाठी हा विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, 90 दिवसांपर्यंत धरला जातो. तुमच्या दोन्ही चाचण्या आपापली मुदत संपल्यावर झालेल्या आहेत. जोखमीनंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घेतली जाणारी प्रतिबंधक औषधे तुम्ही घेतली असती, किंवा रोगप्रतिकारशक्ती दडपणारे उपचार तुमच्यावर चालू असते, तर वेगळा विचार करावा लागला असता. तसे काही नसेल, तर त्या प्रसंगातून तुम्हाला एचआयव्हीचा संसर्ग झालेला नाही आणि आणखी कोणत्याही चाचणीची गरज उरलेली नाही.

लक्षणांविषयीही सांगतो. नव्या संसर्गाचा ताप, पुरळ, घसादुखी हे प्रकार बहुधा दोन ते चार आठवड्यांत दिसतात आणि आपोआप ओसरतात; ते होवोत वा न होवोत, त्यावरून निदान कधीच केले जात नाही. जिभेवर थोडा पांढरट थर अनेक निरोगी माणसांच्या असतो. मानेतल्या लहान गाठी पुष्कळांच्या हाताला लागतात आणि त्या रोज दाबल्या तर दुखणारच. भूक मंदावणे, वजन उतरणे, झोपमोड आणि घाम हे सारे दीर्घकाळच्या चिंतेतूनही होते. वजन उतरतच राहिले तर फॅमिली डॉक्टरांना एकदा अवश्य दाखवा, मात्र तिथे एचआयव्हीची चाचणी पुन्हा मागू नका.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

समुपदेशकांनी दिलेली माहिती अचूक आहे आणि ती एकदा नीट वाचून घ्यावी. परंतु मला काळजी याची वाटते की, तुम्ही हाच प्रतिसाद आज रात्री पुन्हा वाचाल, उद्या त्यातील 45 हा आकडा दुसऱ्या संकेतस्थळाशी ताडून पाहाल आणि परवा एखाद्या अनोळखी डॉक्टरांना ऑनलाइन विचाराल. मी स्वतः या आजाराच्या भीतीतून गेलो आहे. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचे निदान ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असे केले होते. तुम्हालाही तेच आहे, असे मी इथे बसून ठरवू शकत नाही. मात्र तुमच्या लिहिण्यातला क्रम माझ्या फार ओळखीचा आहे. शंका येते, तपासणी होते, घटकाभर हायसे वाटते आणि पुढची शंका आधीपेक्षा लवकर येते. खाज सुटलेली जागा खाजवल्यावर जे होते, तेच इथे प्रत्येक रिपोर्टनंतर होते.

माझ्या उपचारात डॉक्टरांनी मला खात्री पटवून देणेच हळूहळू थांबवले. सुरुवातीला तो मला निर्दयपणा वाटला. शंका आली की ती वहीत एका वाक्यात लिहायची, तिचे उत्तर शोधायचे नाही, आणि आरशाकडे जाण्याची ओढ लागली तर आधी काही मिनिटे, मग अर्धा तास, असे जाणे पुढे ढकलायचे, असा तो अभ्यास होता. अस्वस्थता शिगेला पोहोचते आणि आपण काहीही न करता ती स्वतःहून उतरते, हे शरीराला कळावे लागते, आणि ते वाचून कळत नाही. जोडीला गोळ्याही होत्या. त्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे गेले, म्हणून मध्येच सोडू नयेत.

एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला भीती आजाराची आहे, की त्या प्रसंगाबद्दल स्वतःला दिलेली शिक्षा अजून संपत नाही? माझ्या बाबतीत दुसरी गोष्ट बरीच मोठी होती आणि तिच्याविषयी बोलायला लागल्यावरच पहिली सैल झाली. कोणतीही प्रयोगशाळा अपराधीपणाचा रिपोर्ट देऊ शकत नाही.

प्रतिसाद : सांगलीची लेक

मी एचआयव्हीसह जगते, म्हणून लिहावे की नाही, असा विचार बराच वेळ केला. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुम्ही ज्या आयुष्याला इतके घाबरता आहात ते मी रोज जगते, आणि ते तुमच्या मनातल्या चित्रासारखे नाही. सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, औषधे मोफत मिळतात. रात्रीचे जेवण झाले की एक गोळी घेते, सकाळी डबे भरते आणि कामाला जाते. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, तपासणीत न सापडण्याइतका कमी आहे, आणि तो तसा टिकून राहिला तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने सिद्ध झालेले आहे. माझे पती निगेटिव्ह आहेत. गरोदरपणात उपचार चालू होते आणि आमची मुलगीही निगेटिव्ह आहे.

‘निरपराध मुलगी’ असे तुम्ही लिहिले आहे. आजार झालेली माणसे अपराधी असतात, असे तुमच्या मनात कुठेतरी बसले असेल, तर ते काढून टाका. त्या समजुतीनेच तुमची भीती इतकी मोठी केली आहे, असे मला वाटते.

निद्राहीन

तुम्हा तिघांचे आभार. ताई, माझा तो शब्द तुम्हाला लागला असेल, हे मला समजले. कृष्णाकाठ, तुम्ही विचारलेल्यातली दुसरी गोष्ट, स्वतःला दिलेली शिक्षा, हीच बहुधा माझ्या बाबतीतही खरी आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. होणाऱ्या पत्नीला हे सांगावे का? आणि मानसोपचार विभागात गेलो, तर तिथे नेमके काय सांगू?

प्रतिसाद : जिल्हा रुग्णालयातील समुपदेशक

जुन्या प्रसंगाविषयी तिला सांगायचे की नाही, हा तुमच्या दोघांच्या नात्याचा प्रश्न आहे. तिच्या आरोग्याला तुमच्यापासून एचआयव्हीचा धोका नाही, त्यामुळे तो निर्णय भीतीच्या भरात घेण्याचे कारण नाही. थोडे सावरल्यावर घ्या. लग्नाआधी दोघांनी मिळून तपासणी करण्याची प्रथा चांगली आहे, पण ती दोघांच्या संमतीने आणि एकदाच. त्या रिपोर्टवर पुन्हा शंका आली, तर ती कृष्णाकाठ यांच्या सांगण्याप्रमाणे वहीत जाऊ द्या.

एचआयव्हीविषयी काही विचारावेसे वाटले तर नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, 1097 हा क्रमांक मोफत आहे, परंतु तुम्हाला सध्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 अधिक उपयोगी पडेल. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटल्याचा विचार मनात आला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी फोन करा.

मानसोपचार विभागासाठी केसपेपर काढताना खिडकीवर कारण विचारले, तर ‘झोप लागत नाही’ एवढे सांगितले तरी पुरते. आत डॉक्टरांसमोर मात्र तुम्ही वर लिहिलेला प्रश्न जसाच्या तसा, न्हाणीघरातल्या मोबाइलच्या उजेडासकट, वाचून दाखवा. उपचाराला लागणारी बहुतेक माहिती त्यातच आहे.