सीएनसी सेटरसाठी शंभरावर बायोडेटा आलेत, चाळायचे कसे?

प्रश्न (जॉबवर्क_भोसरी):
छोटं युनिट आहे: चार सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारी) टर्निंग मशीन, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), सगळ्यांवर फॅनुक कंपनीचा कंट्रोलर. दोन सेटर-कम-ऑपरेटर (मशीन जॉबसाठी लावून देणारा आणि चालवणाराही) आणि एक क्वालिटी इन्स्पेक्टर हवाय. व्हॉट्सअॅपवर बायोडेटांचा ढीग पडलाय आणि प्रत्येकात 'ऑपरेटिंग, सेटिंग, प्रोग्रॅमिंग' लिहिलेलंच आहे. एचआर नाही, मलाच बघायचंय. मार्क बघू की अनुभव? सारख्या नोकऱ्या बदलणारे सरळ बाद करू का?

टर्निंगवाला:
मार्क सोडा. आधी ट्रेड बघा. आयटीआय टर्नर, मशिनिस्ट किंवा डिप्लोमा मेकॅनिकल एका बाजूला काढा, बाकीचे दुसऱ्या. दुसरा गठ्ठा फेकू नका, त्यातही हात बसलेले लोक असतात.

मग अनुभवाच्या ओळी वाचा. 'सीएनसी ऑपरेटर, 4 वर्षे' एवढंच असेल तर बहुतेक नुसतं जॉब मशीनवर लावणं-काढणं. खरा सेटर कंट्रोलर, जॉब, मटेरियल आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक, मिमीमध्ये) लिहितो: 'फॅनुक, ईएन8 शाफ्ट, 0.02 मध्ये' (ईएन8 हा पोलादाचा प्रकार). बायोडेटा सायबर कॅफेत छापलेला असतो, त्यामुळे हे लिहिलं नाही म्हणून बाद करू नका, फोनवर विचारा.

फोनवर एकच प्रश्न पुरतो: टर्निंगला बोअर (आतलं भोक) 0.03 मिमीने मोठा आला, वेअर ऑफसेटला (टूल झिजल्यावर माप सुधारायला मशीनमध्ये टाकायचा आकडा) काय टाकाल? एक्सला (व्यासाची दिशा) वजा 0.03, कारण तिथे आकडा व्यासावर चालतो. 'अर्धा टाकीन' किंवा 'बोअर आहे म्हणून प्लस' म्हणणारा सेटर नाही. 'आधी मोजायचं गेज झिरो करून परत मोजीन' म्हणाला तर लगेच बोलवा.

प्लांट_एचआर_चाकण:
नोकऱ्या बदलण्याबद्दल घाई नको. कंत्राटी कामगाराला 240 दिवस (तेवढे भरले की कायद्याने वर्षभराची सलग नोकरी धरतात) भरायच्या आत ब्रेक देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यामुळे सात-सात महिन्यांच्या तीन नोकऱ्या दिसल्या तर त्यात मुलाचा दोष नसतो. दोन-दोन महिन्यांच्या चार असतील तर मात्र कारण विचारा.

अनुभव तपासायचा तर निवड झाल्यावर, त्याच्याच मोबाइलवर, पीएफची सर्व्हिस हिस्टरी उघडायला सांगा. रुजू आणि सोडल्याच्या तारखा तिथे दिसतात. पासवर्ड मागू नका. आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स पहिल्या फेरीत गोळा करू नका, नंतर त्या सांभाळणं हाच एक व्याप होतो.

गेजरूम:
इन्स्पेक्टरच्या बायोडेटात 'सेव्हन क्यूसी टूल्स, पीपॅप, फाइव्ह एस' ही क्वालिटीच्या पद्धतींची नावं असतातच, एकमेकांचं बघून लिहितात. ते वगळून वाचा आणि कोणती साधनं वापरलीत ते शोधा: बोअर गेज, हाइट गेज, एअर गेज.

विचारायचं असेल तर 20 एच7 बोअर (20 मिमी व्यास, एच7 हा टॉलरन्सचा ग्रेड) कशाने मोजाल, हे विचारा. एकूण टॉलरन्सच 0.021 मिमी आणि वर्नियरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) 0.02, म्हणजे 'वर्नियरने' हे उत्तर आलं की पुढे बोलायची गरज नाही. बोअर गेज, एअर गेज किंवा गो-नोगो प्लग (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं नको) यायला हवं. आकडा पाठ नसला तरी चालेल, तक्ता भिंतीवर असतो.

जॉबवर्क_भोसरी:
पीएफमध्ये कंपनीचं नाव वेगळंच निघालं तर खोटं समजायचं का?

प्लांट_एचआर_चाकण:
नाही. कंत्राटदारामार्फत असेल तर पीएफ कंत्राटदाराच्या नावाने जातो. तारखा जुळतात का ते बघा, नाव नाही. अप्रेंटिसशिपच्या वर्षाला पीएफ नसतोच, तो गॅप धरू नका. त्याचं सर्टिफिकेट मागा. आणि फोनवर पहिलं वाक्य पगार, शिफ्ट आणि राहायला कुठे हे असू द्या. रात्रपाळी नको म्हणणारा असेल तर ऑफसेटपर्यंत जाताच कशाला?

टर्निंगवाला:
शेवटी जे चार-पाच उरतील त्यांना मशीनवर उभं करा. एक सॉफ्ट जॉ (जॉब धरणारा चकचा मऊ जबडा) बोअर करून घ्या, अर्ध्या तासात कळतं. त्या वेळेचे पैसे द्या मात्र, आणि मुलगा येताना सेफ्टी शूज घालून आलाय का ते बघा.