सणाच्या दिवशी पोटभर जेवा, पण मधल्या दिवसांचं काय?
(टोपणनावांनी झालेली चर्चा)

उंबरठा
सुट्ट्या आणि सणवार लागले की दोनच सल्ले कानावर येतात. "चार दिवसांनी काय होतंय, खा बिनधास्त", नाहीतर "हे नको, ते नको, पथ्य सांभाळा". मला दोन्ही पटत नाहीत. सणाच्या दिवशी समोर आलेलं ताट आनंदाने, पोटभर जेवावं. घात होतो तो मधल्या दिवसांत. उरलेलं गोडधोड डब्यात असतं, येता-जाता हात तिकडे जातो, रात्री जागरणं होतात, आणि सकाळचं चालणं "सुट्ट्या संपल्या की बघू" म्हणत बंद पडतं. खऱ्या सणाची जेवणं मोजली तर पाच-सहा भरतील. हंगाम मात्र दीड-दोन महिने चालतो.

२००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचं वजन नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच्या सणांच्या काळात सरासरी ०.३७ किलोने वाढलं. आकडा लहान आहे, पण पुढच्या महिन्यांत ती वाढ उतरली नाही. दरवर्षी अशी थोडी भर पडत राहिली तर दहा वर्षांनी काय होईल? त्याच अभ्यासात ज्यांची हालचाल वाढली होती त्यांचं वजन सगळ्यात कमी वाढलं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की सणाचं जेवण सोडू नका, पण चालणंही सोडू नका.

निवांत
तुम्ही स्वतःच आकडा दिलात. पावशेर-दीडपावशेर वजनासाठी माणसाने दीड महिना मनात हिशोब मांडत बसायचं? वर्षभर आपण घड्याळावर जेवतो, घड्याळावर झोपतो. लांबची माणसं एकत्र येतात ते याच दिवसांत. गप्पा रंगलेल्या असताना "मला पहाटे उठायचंय" म्हणून कुणी उठून गेलं की मला वाईट वाटतं. आरोग्य म्हणजे फक्त वजन नव्हे, माणसांत मिसळणंही त्यातच आलं.

आणि सवय इतकी नाजूक नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेला सवयींचा अभ्यास प्रसिद्ध आहे. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पण मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही.

उंबरठा
एखादा दिवस चुकल्याने, बरोबर. सहा आठवडे चुकल्याने फरक पडत नाही असं तो अभ्यास म्हणत नाही. सलग तीन-चार आठवडे काहीच केलं नाही की दम टिकवण्याची ताकद घटते, जिना चढताना कळतं. आणि पुन्हा सुरुवात करायची तर मनाची तयारी पहिल्यापासून करावी लागते. गप्पांतून उठू नका, माझंही तेच म्हणणं आहे. गप्पा मारत सगळ्यांनी मिळून पंधरा मिनिटं फिरून यायला काय हरकत आहे?

साखरमाप
उंबरठा, तुमच्या पहिल्याच वाक्याशी माझं भांडण आहे. "सणाच्या दिवशी पोटभर जेवावं" हे निरोगी माणसाचं वाक्य झालं. मला अकरा वर्षं मधुमेह आहे. माझ्यासाठी सणाचा दिवस आणि मधला दिवस असा भेद नाही. आग्रहाने वाढणाऱ्याला वाटतं, एका दिवसाने काय होणार. त्या रात्रीची साखर मी बघते, ते बघत नाहीत.

याहून धोक्याचं म्हणजे "रात्री मोठं जेवण आहे, दुपारी उपाशी राहू" हा विचार. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचं नीट दिसेना. पाहुण्यांनी भरलेल्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून जेवण चुकवत नाही.

चालण्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवर केलेला अभ्यास आहे. दिवसातून एकदा सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपण सगळ्यात जड जेवतो आणि मग बसून राहतो ते रात्रीच.

मोजपट्टी
एक साधा उपाय कुणीच सांगितला नाही. आठवड्यातून दोनदा वजन करा. बर्मिंगहॅममध्ये २७२ जणांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करायला सांगितलं, थोड्या सूचना दिल्या आणि कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल हे दाखवलं. सणाच्या काळानंतर दोन्ही गटांत साधारण अर्ध्या किलोचा फरक निघाला. काटा खोटं बोलत नाही.

निवांत
काटा खोटं बोलत नसेल, पण अर्धवट बोलतो. एका रात्रीत दीड किलो वाढलेलं दिसतं ती चरबी नसते. जास्त पिष्टमय आणि खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. स्नायूंत आणि यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेच्या, दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. हे माझ्या धाकट्या बहिणीला कुणी सांगितलं नव्हतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिली आणि पुढचे दोन दिवस तिने जवळजवळ काही खाल्लं नाही. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यातून बाहेर यायला तिला दोन वर्षं लागली. म्हणून "हे खाल्लंस तर इतकं चाल" ही भाषा मला घरात नको आहे. व्यायाम ही जेवणाची शिक्षा नाही.

मोजपट्टी
हे वाचून वाईट वाटलं. ज्यांचं खाण्याशी नातं आधीच दुखावलेलं आहे त्यांनी काट्यापासून दूर राहावं, मान्य. बाकीच्यांसाठी मात्र मी मत बदलणार नाही.

माजघर
इतकं सगळं वाचलं. हा स्वयंपाक करतंय कोण, हे कुणीच विचारलं नाही. सणाच्या दिवसांत मी सकाळी सहापासून ओट्याशी उभी असते. माझं चालणं आळसाने बंद पडत नाही, वेळच उरत नाही म्हणून पडतं. आणि जेवते सगळ्यांत शेवटी, दुपारी तीनला, उभ्या-उभ्या.

उंबरठा
ताई, घरकामही हालचालीत धरलं जातं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, आणि ती सलग दहा मिनिटांची असावी ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली आहे.

माजघर
फरशी पुसण्याने दम लागतो, ती धरा खुशाल. सहा तास एका जागी उभं राहिल्याने फक्त पाय सुजतात. तुम्ही सकाळी चालायला जाता तेव्हा घरी नाश्ता कोण करतं?

उंबरठा
बायको करते. इतकी वर्षं चालतोय, हा विचार मनात आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

काल रात्री तिला विचारलं. म्हणाली, "संध्याकाळी साडेसहा ते सात मला दे. रोज."

माजघर
पाहुणे आलेले असतील त्या दिवशीही?

उंबरठा
हो, त्याही दिवशी. पाहुण्यांचं मी बघेन.