ऑलिव्हची फळमाशी फक्त ऑलिव्हलाच का लागते?

रानवाटा:
आंब्या-पेरूला लागणारी फळमाशी, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, शेकडो झाडांच्या फळांवर जगते. पण तिच्याच जातकुळीतली बॅक्ट्रोसेरा ओलेई ऑलिव्ह सोडून कुठे जातच नाही म्हणे. असं का? आणि एकाच झाडावर अवलंबून असलेली माशी इतकी पसरली कशी?

कीटकवेडा:
कारण तिच्या पोटात आहे. कच्च्या ऑलिव्हमध्ये ओल्यूरोपीन नावाचं कडू द्रव्य असतं, ते बाकीच्या बहुतेक किड्यांना झेपत नाही. या माशीत एर्विनिया डॅसिकोला नावाचे जिवाणू राहतात आणि अंडं घालताना आई ते पुढच्या पिढीला देते. अँटिबायोटिक देऊन जिवाणू काढून टाकले तर अळ्या कच्च्या फळात वाढतच नाहीत, पिकलेल्यात मात्र वाढतात! मला तर हे फार भारी वाटतं.

हिरवीफांदी:
पसरण्याचं म्हणाल तर लागवडीचं ऑलिव्ह डोक्यातून काढा, रानऑलिव्ह बघा. त्याची कस्पिडाटा ही उपजात दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे हिमालयापर्यंत रानात उगवते, त्यामुळे माशी भूमध्य समुद्राभोवती आहे तशी आफ्रिकेत न् पाकिस्तानातही आहे. अमेरिकेत ती १९९८ मध्ये लॉस एंजेलिसला सापडली आणि काही वर्षांतच कॅलिफोर्नियाभर झाली, कारण तिथे रस्त्याकडेला शोभेची ऑलिव्ह झाडं भरपूर आणि त्यांची फळं कोणी तोडत नाही, मग माशीला आयतंच रान मिळालं.

रानवाटा:
धन्यवाद दोघांना! लागण झालेलं फळ ओळखायचं कसं?

कीटकवेडा:
हिरव्या फळावर डंखाचा छोटा काळपट ठिपका दिसतो, बहुधा तिकोनी. आत अळी गर पोखरते, आणि कोषात जायच्या आधी सालीपर्यंत खात येऊन फक्त पातळ पापुद्रा ठेवते, उन्हाळ्यात माशी तोच फोडून बाहेर पडते. शरद ऋतूत मात्र बऱ्याच अळ्या फळातून खाली पडून मातीत कोष करतात. माशी जेमतेम ५ मिलिमीटरची, पंखाच्या टोकाला काळा ठिपका, त्यावरून ओळखू येते.

हिरवीफांदी:
मुरवून खायच्या ऑलिव्हमध्ये एक अळीसुद्धा चालत नाही, तेलाला थोडी लागण चालते पण आम्लता वाढते आणि एक्स्ट्रा व्हर्जिनला, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रतीच्या तेलाला, तर ती ०.८ टक्क्यांच्या आतच लागते. ३५ अंशांच्या वर ऊन गेलं की माशी थंडावते, पण पाणी मिळालं तर तगते, म्हणून नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नये, तोडणीनंतर झाडावर आणि खाली राहिलेली फळं वेचून नष्ट करणं सगळ्यात महत्त्वाचं. बागेशेजारी शोभेची झाडं असतील तर तीही धरून, नाहीतर माशी तिकडून परत येणारच.