मदत हवी आहे: गोल गाठींच्या मुरघासाला बाहेरून बुरशी

ओट आणि लसूणघासाच्या गोल गाठी (गठ्ठे) करून मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला चारा, घातलाय. आतला चारा उत्तम, आंबूसगोड वासाचा, गाई चाटूनपुसून खातात. पण बाहेरचे चार बोटं पांढऱ्या बुरशीने भरतात. तेवढा भाग काढूनच टाकतो; गाभण गाई आहेत, लिस्टेरियाची (खराब मुरघासातून येणारा, गर्भपात घडवू शकणारा जिवाणू) भीती वाटते.

चारा सुकवून ओलावा ५० टक्क्यांवर आणला होता. गाठी त्याच दिवशी गुंडाळल्या, प्लॅस्टिकचे ४ थर. उंदीर-पक्ष्यांनी पाडलेलं भोक कुठेच नाही. कल्चर (चारा नीट आंबावा म्हणून फवारायचे जिवाणू) मारूनही फरक नाही. यंत्र भाड्याचं, त्यामुळे गाठीचा दाब वाढवता येत नाही.

लसूणघासाचे ताठ देठ प्लॅस्टिकला बारीक छिद्रं पाडत असतील का? ६ थरांनी भागेल, की चारा ६० टक्के ओलाव्यालाच बांधावा?